ओस्लोच्या धक्क्यावरून परत आलेले प्राध्यापक



मागच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की माझे आकडे आले की त्यावर लिहीन. आकडे आलेत, पण त्याआधी एका माणसाबद्दल लिहायचं राहून जातंय, आणि त्याच्याशिवाय ते आकडे तुम्हाला सांगणं म्हणजे मीठ न घालता आमटी वाढण्यासारखं होईल.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेत मला एक प्रश्न आला. मी फळ्यावर दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा आलेख काढला होता. परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही हे प्रत्येक मूल्य उल्कापाषाणातल्या मूल्यानं भागलंत. का भागलंत?" मी म्हटलं, "सगळेच भागतात, सर." खोलीत हशा पिकला. पुढचा प्रश्न आला, "आणि असं करता येईल हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?" गोल्डश्मिट हे नाव मला ठाऊक होतं, पण एका परिषदेचं नाव म्हणून. भूरसायनशास्त्रातली ती सगळ्यात मोठी वार्षिक परिषद आहे, आमच्याकडे लोक "यंदा गोल्डश्मिटला जाणार का?" असं विचारतात, जसं कुणी "यंदा पंढरपूरला जाणार का?" विचारावं. नावामागे माणूस आहे, आणि त्या माणसाला एकदा जहाजात घालून मारायला पाठवत होते, हे मला त्या दिवशी संध्याकाळी ग्रंथालयात बसल्यावर कळलं.

तर व्हिक्टर मोरित्झ गोल्डश्मिट. (शोधायला गेलात तर सावध राहा. हायडेलबर्गचे व्हिक्टर मॉर्डेखाय गोल्डश्मिट नावाचे दुसरे एक स्फटिकतज्ज्ञ होते. दोघेही व्ही. एम., दोघेही खनिजवाले. माझ्या टिपणांत अर्धा दिवस दोघांची खिचडी झाली होती.) आपले गोल्डश्मिट जन्मले १८८८ साली झुरिचमध्ये, ज्यू कुटुंबात. वडील हाइनरिख रसायनशास्त्रज्ञ. १९०१ मध्ये वडिलांना नॉर्वेत प्राध्यापकी मिळाली आणि कुटुंब ख्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ओस्लोला गेलं. मुलगा तिथेच वाढला, तिथेच शिकला आणि तेविसाव्या वर्षी, १९११ मध्ये, त्यानं असा प्रबंध लिहिला की पुढे तो खडकांच्या अभ्यासातला मैलाचा दगड मानला गेला. सव्विसाव्या वर्षी प्राध्यापक आणि खनिजशास्त्र संस्थेचे संचालक. माझं वय मी इथे सांगत नाही.

त्या प्रबंधात काय होतं? ओस्लोच्या आसपास शिलारस जुन्या गाळाच्या खडकांत घुसला, त्याच्या उष्णतेनं शेजारचे खडक भाजून निघाले. अशा भाजलेल्या खडकांत कुठली खनिजं एकत्र सापडतात याचे गोल्डश्मिटनी दहा वर्ग पाडले. महत्त्वाचं हे की त्यांनी नुसती यादी केली नाही. ही खनिजं एकत्र का नांदतात आणि ती का नांदत नाहीत, याचं उत्तर त्यांनी उष्मागतिकीतून काढलं. खडक म्हणजे थंड झालेली रासायनिक अभिक्रिया, ही आज आम्हाला पहिल्या सत्रात शिकवली जाणारी गोष्ट तेव्हा अगदी ताजी होती.

मग पहिलं महायुद्ध आलं. नॉर्वे तटस्थ होता, पण बाहेरून येणारा कच्चा माल अडला. सरकारनं १९१७ च्या सुमारास कच्च्या मालासाठी प्रयोगशाळा काढली आणि ती गोल्डश्मिटकडे सोपवली. देशात काय कुठे सापडेल ते शोधा, एवढंच काम. ते करता करता त्यांना मोठा प्रश्न पडला. एखादं मूलद्रव्य एका खडकात भरपूर आणि शेजारच्या खडकात औषधालाही नाही, असं का? निसर्ग मूलद्रव्यांची वाटणी कुठल्या कायद्यानं करतो? हा प्रश्न त्यांना पुढची वीस वर्षं पुरला. १९२३ पासून १९३८ पर्यंत "मूलद्रव्यांच्या वाटणीचे भूरासायनिक नियम" या अर्थाच्या जर्मन नावाखाली त्यांचे नऊ भाग प्रसिद्ध झाले.

पहिलं उत्तर त्यांना भट्टीत दिसलं. तांब्याचं खनिज वितळवलं की भट्टीत थर पडतात: खाली धातू, मध्ये गंधकाची संयुगं, वर सिलिकेटचा स्लॅग. उल्कापाषाणांतही हेच तीन घटक: लोखंड, लोहाचं सल्फाइड आणि सिलिकेट. गोल्डश्मिट म्हणाले, पृथ्वी म्हणजे अशीच एक भलीमोठी भट्टी समजा. सुरुवातीला ती वितळली तेव्हा प्रत्येक मूलद्रव्यानं आपापला पक्ष निवडला. सोनं, प्लॅटिनम, इरिडियम, निकेल यांना लोखंडाची संगत आवडते, म्हणून ते लोहप्रिय. तांबं, जस्त, शिसं गंधकप्रिय. सोडियम, पोटॅशियम, अ‍ॅल्युमिनियम, दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं सिलिकेटमध्ये रमतात, ती खडकप्रिय. नायट्रोजन आणि अर्गॉनसारखे वायुप्रिय. ही चार नावं आजही जशीच्या तशी वापरात आहेत.

आता तुम्ही म्हणाल, नावं ठेवली, मग पुढे काय? सोनं महाग का आहे याचं अर्धं उत्तर इथे आहे. पृथ्वीवरचं बहुतेक सोनं लोखंडाबरोबर खाली गाभ्यात गेलं, आपल्या वाट्याला आली ती उरलीसुरली पूड. इरिडियमचंही तसंच, कवचात ते जवळजवळ नाहीच. म्हणून १९८० मध्ये इटलीतल्या गुबियो इथल्या मातीच्या एका पातळ थरात अल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इरिडियम अचानक कितीतरी पट जास्त सापडलं, तेव्हा त्यांनी ते आकाशातून आलं असं म्हटलं. डायनोसोर संपले त्याच काळातला तो थर. अशनी आदळल्याचा अख्खा तर्क "इरिडियम लोहप्रिय आहे" या एका वाक्यावर उभा आहे. आणि त्याच सुमारास, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडे दख्खनचे लाव्हा ओतले जात होते. अशनी की लाव्हा, की दोन्ही, हे भांडण अजून मिटलेलं नाही. त्यावर सवडीनं लिहीन, त्यात मी पडले तर ही पोस्ट संपणार नाही.

खडकप्रिय म्हटलं तरी प्रश्न सुटत नव्हता. सिलिकेटमध्ये शेकडो खनिजं. त्यात कोण कुठे बसणार? इथे गोल्डश्मिटनी क्ष-किरणांची मदत घेतली. तेव्हा स्फटिकांवर क्ष-किरण टाकून अणूंमधलं अंतर मोजता येऊ लागलं होतं. फिनलंडचे वासास्तयेर्ना यांनी १९२३ मध्ये ऑक्सिजन आणि फ्लोरिन यांच्या आयनांचा आकार काढला होता. गोल्डश्मिटनी आपल्या तरुण सहकाऱ्यांना हाताशी धरून ऑक्साइडं आणि फ्लोराइडं धडाधड तयार केली, अंतरं मोजली, ऑक्सिजनचा आकार वजा केला आणि उरला तो धातूच्या आयनाचा आकार. १९२६ मध्ये त्यांनी कोष्टकच छापलं. त्या सहकाऱ्यांत टॉम बार्थ, विल्यम झाकारियासेन आणि गुलब्रांड लुंडे ही नावं होती. लुंडेचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आकार कळल्यावर काय झालं ते मुंबईच्या लोकलवरून सांगते. तीन जणांच्या बाकावर चौथी सीट मिळते, पण ती सडपातळ माणसाला. स्फटिकात तर चौथी सीटही नाही, ठरलेल्या मापाची जागा आहे. मॅग्नेशियमचा आयन आज आपण साधारण ७२ पिकोमीटर धरतो, लोहाचा ७८, निकेलचा ६९. तिघांचा विद्युत्भारही सारखा. म्हणून ऑलिव्हिन या हिरव्या खनिजात मॅग्नेशियमच्या जागी लोह किंवा निकेल सहज बसतं. आता बेरियम पाहा: भार तोच, पण आकार १३५ च्या आसपास. त्याला ऑलिव्हिनमध्ये कोण घेणार? शिलारस थंड होताना एकेक खनिज तयार होत जातं, आणि बेरियम, रुबिडियम ही अंगानं भारी मंडळी प्लॅटफॉर्मवरच उभी राहतात. शेवटच्या गाडीपर्यंत. म्हणून पृथ्वीच्या वरच्या कवचात, ग्रॅनाइटसारख्या शेवटी बनणाऱ्या खडकांत, त्यांची गर्दी.

(भूविज्ञानाचे जाणकार वाचत असतील तर त्यांच्यासाठी: हो, हे नियम सगळीकडे चालत नाहीत. १९५५ मध्ये रिंगवुडनी दाखवलं की नुसता आकार आणि भार पुरत नाही, बंध कसा आहे तेही बघावं लागतं. पुढे आणखी दुरुस्त्या झाल्या. पण पहिला अंदाज बांधताना आजही सगळे आधी आकाराचं कोष्टकच उघडतात. मीही.)

आता पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला चढत चला. गाडीच्या खिडकीतून दिसतो तो काळा कातळ, खाली काळा, वर काळा. डोळ्यांनी थर ओळखायला गेलात तर हरलात. १९८० च्या दशकात संशोधकांनी या कातळाचे नमुने घेऊन बेरियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम, टायटॅनियम मोजलं आणि रसायनावरून सह्याद्रीचे थर वेगळे केले. त्याच रस्त्यावर पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर अशी तीन थरांची नावं खालून वर लागतात. पोलादपूरच्या लाव्ह्यात वाटेतल्या जुन्या कवचाची भेसळ बरीच आहे, आंबेनळीच्या लाव्ह्यात ती फारच कमी. हे कळतं कशावरून? बेरियम आणि त्याच्या प्लॅटफॉर्मवरच्या मित्रांवरून. कवचात त्यांची गर्दी असते, त्यामुळे लाव्ह्यानं थोडंसं कवच जरी खाल्लं तरी त्यांचे आकडे चढतात. माझे सगळे नमुने याच हिशेबावर उभे आहेत, आणि तो हिशेब १९२६ च्या कोष्टकापासून सुरू होतो.

मला स्वतःला गोल्डश्मिटचं सगळ्यात आवडणारं काम मात्र साधं आहे. पृथ्वीच्या कवचाची सरासरी घडण काढायची होती. अमेरिकेत क्लार्क यांनी हजारो खडकांच्या विश्लेषणांची सरासरी काढून ती मांडली होती. गोल्डश्मिट म्हणाले, एवढी दगदग कशाला? दक्षिण नॉर्वेत हिमयुगातल्या हिमनद्यांनी हजारो चौरस किलोमीटरचा प्रदेश दळून बारीक चिकणमाती करून ठेवली आहे. हिमनदी ही गिरणी, ती ग्रॅनाइट आणि बाकीचे खडक असा भेद करत नाही, आणि थंडीमुळे मातीत रासायनिक बदलही फारसे होत नाहीत. त्यांनी अशा मातीचे सत्तरहून जास्त नमुने तपासले. उत्तर क्लार्कच्या जवळपास आलं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त इथे शीत नीट निवडलं होतं.

१९२९ मध्ये त्यांना जर्मनीतल्या गॉटिंगेननं बोलावलं. तिथे त्यांनी कार्बनच्या ज्वालेत नमुना जाळून वर्णपट पाहण्याची पद्धत वापरली आणि दशलक्ष भागांत काही भाग इतक्या कमी प्रमाणातली मूलद्रव्यं मोजायला सुरुवात केली. दगडी कोळशाच्या राखेत जर्मेनियम साठलेलं असतं हे तेव्हाच कळलं. तिथे वेळ मजेत चालला होता असं त्यांच्याबद्दल लिहिणारे सांगतात. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. १९३५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि वडिलांना घेऊन ओस्लोला परतले.

परत आल्यावर दोन वर्षांत त्यांनी विश्वातल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणाचं कोष्टक पुरं केलं. पृथ्वीचं कवच तर चाळणीतून गेलेलं, मग मूळ माल कुठे पाहायचा? चाळणीतून न गेलेल्या उल्कापाषाणांत. आणि मी फळ्यावर जे भागत होते ते इथून आलं. मूलद्रव्यांत सम क्रमांकाची मूलद्रव्यं विषम क्रमांकांच्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त असतात, त्यामुळे सरळ आकडे मांडले तर आलेख करवतीसारखा दातेरी येतो. उल्केच्या आकड्यानं भागलं की दाते जातात आणि खडकाचं स्वतःचं चरित्र दिसतं. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा आकार लँथेनमपासून ल्युटेशियमपर्यंत १०३ वरून ८६ पिकोमीटरपर्यंत हळूहळू आक्रसतो, हेही गोल्डश्मिटच्याच कामातून आलेलं आहे. म्हणून तो आलेख एवढा बोलका. हे कोष्टक पुढे अणुकेंद्राचं कवच-प्रारूप मांडणाऱ्यांनाही उपयोगी पडलं, त्यासाठी मारिया गेप्पर्ट मायर आणि येन्सेन यांना १९६३ चं नोबेल मिळालं. गोल्डश्मिटचं नाव नोबेलसाठी अनेकदा सुचवलं गेलं, मिळालं कधीच नाही.

एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य नॉर्वेत आलं. गोल्डश्मिट खिशात सायनाइडची कुपी ठेवू लागले. त्यांच्या आठवणींत एक गोष्ट सांगतात: एका सहकारी प्राध्यापकानं त्यांच्याकडे तशीच कुपी मागितली, तर ते म्हणाले की हे विष रसायनाच्या प्राध्यापकांसाठी आहे, तुम्ही यंत्रशास्त्राचे, तुम्ही दोर वापरा. मी ही गोष्ट वाचून हसले आणि मग बराच वेळ पुस्तक मिटून बसले.

आणि लुंडे? १९२६ च्या कोष्टकावर ज्याचं नाव आहे तो गुलब्रांड लुंडे क्विसलिंगच्या नाझी सरकारात संस्कृती आणि प्रचाराचा मंत्री झाला होता. ऑक्टोबर १९४२ च्या शेवटच्या आठवड्यात फेरीच्या धक्क्यावरून त्याची गाडी पाण्यात गेली आणि तो आणि त्याची बायको बुडाले. त्याच आठवड्यात, २६ ऑक्टोबरला, नॉर्वेतल्या ज्यू पुरुषांची धरपकड झाली. त्यात गोल्डश्मिट होते. एका कोष्टकावरची दोन नावं. या योगायोगातून काही अर्थ काढायचा नाही असं मी ठरवलंय, पण ते डोक्यातून जात नाही.

गोल्डश्मिटना टॉन्सबर्गजवळच्या बर्गच्या छावणीत नेलं. तब्येत बिघडली म्हणून दवाखान्यात हलवलं, सोडलं आणि महिन्याभरात पुन्हा पकडलं. २६ नोव्हेंबर १९४२ ला ओस्लोच्या धक्क्यावर डोनाऊ नावाचं जहाज उभं होतं. त्यात पाचशेहून अधिक ज्यू स्त्री-पुरुष-मुलं चढवली गेली. गोल्डश्मिटही धक्क्यावर आणले होते. सहकाऱ्यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली होती, या माणसाचं ज्ञान देशाला लागणार आहे असं सांगून. ऐन वेळी त्यांना बाजूला काढलं. जहाज श्टेटिनला गेलं, तिथून माणसं आउश्वित्झला. त्यातले परतले ते बोटांवर मोजण्याइतके.

ज्यांना कुठलंच कोष्टक येत नव्हतं त्यांच्यासाठी रदबदली करायला कुणी नव्हतं. चरित्रं हा प्रसंग "विज्ञानानं जीव वाचवला" असा रंगवतात, मला ते वाचवत नाही.

डिसेंबरमध्ये भूमिगत चळवळीच्या लोकांनी त्यांना गवताच्या गाडीत लपवून स्वीडनला पोचवलं. मार्च १९४३ मध्ये ते विमानानं ब्रिटनला गेले. आधी अ‍ॅबरडीनची मॅकॉले मृदासंशोधन संस्था, मग रॉदमस्टेड. शेतीच्या मातीत बसून ते एक मोठं पुस्तक लिहीत राहिले. त्या वर्षी रॉयल सोसायटीनं त्यांना परदेशी सदस्य केलं, पुढच्या वर्षी वोलास्टन पदक मिळालं. तब्येत मात्र छावणीत गेली ती गेलीच. १९४६ मध्ये ते ओस्लोला परतले आणि २० मार्च १९४७ ला वारले. वय ५९. लग्न केलेलं नव्हतं. पुस्तक अपुरं होतं, ते अ‍ॅलेक्स म्युर यांनी संपादित केलं आणि १९५४ मध्ये "जिओकेमिस्ट्री" या नावानं प्रसिद्ध झालं. आमच्या ग्रंथालयातल्या प्रतीची पानं पिवळी पडून तुटायला आलीत, तरी दर दोन वर्षांनी कुणीतरी ती घेऊन जातं असं मागच्या शिक्क्यांवरून दिसतं.

आई-वडिलांच्या आणि स्वतःच्या अस्थींसाठी त्यांनी हिरव्या ऑलिव्हिन खडकाचे कलश करून घेतले होते. ऑलिव्हिन त्यांचं लाडकं खनिज, भट्टीच्या उष्णतेला टिकणाऱ्या विटा त्यातून करता येतात हेही त्यांनीच पुढे आणलं होतं. मॅग्नेशियमच्या जागी लोह आणि निकेल बसतं ते हेच खनिज.

एक शेवटची गोष्ट, कारण ती माझ्यासारख्या विद्यार्थिनीची आहे. १९२६ मध्ये गोल्डश्मिटनी पेरोव्स्काइट प्रकारच्या स्फटिकासाठी एक सूत्र दिलं: आयनांचे आकार घाला, स्फटिक जमेल की नाही ते कळेल. आज पेरोव्स्काइटचे सौर घट बनवणारे लोक तेच सूत्र रोज वापरतात. २०१९ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीला दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीच्या एका हिऱ्यात पेरोव्स्काइट गटातलं एक नवं खनिज सापडलं. पोटॅशियम आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं, जी सहसा कुठे मावत नाहीत, ती त्यात दाटीनं बसलेली. त्याचं नाव गोल्डश्मिटाइट ठेवलं. आतापर्यंत सापडलेला तो दाणा डोळ्यांना धड दिसणारही नाही इतका छोटा आहे.

पुढच्या पोस्टमध्ये माझे आकडे, आणि त्यातलं युरोपियम बाकीच्या भावंडांपेक्षा वेगळं का वागतं ते. (इशारा: त्याचा एक आयन आकारानं स्ट्रॉन्शियमसारखा आहे. उत्तर सुचलं तर कळवा.)